साक्ष आणि संशय : स्त्रीजीवनाचे माहितीपट आणि स्त्री-समीक्षकांचा एक वाद

स्त्रीवादी चित्रपट-समीक्षेचा इतिहास सांगण्याची एक रीत आता जवळजवळ संकेतरूढ झाली आहे. या कथनानुसार १९७० नंतरच्या पहिल्या तीन-चार वर्षांत स्त्रियांनी पडद्यावरील स्त्री-प्रतिमांची समाजशास्त्रीय मोजदाद केली. मार्जरी रोझन यांचे ‘पॉपकॉर्न व्हीनस’ (१९७३) आणि मॉली हॅस्केल यांचे ‘फ्रॉम रेव्हरन्स टू रेप’ (१९७४) ही त्या टप्प्याची प्रातिनिधिक पुस्तके. त्यानंतर क्लेअर जॉन्स्टन व लॉरा मल्वी यांनी चिन्हमीमांसा आणि मनोविश्लेषण यांच्या आधारे प्रतिमेकडून प्रतिमानिर्मितीच्या यंत्रणेकडे लक्ष वळवले आणि समीक्षा वयात आली. मल्वी यांचा ‘दृश्यसुख आणि कथनात्म चित्रपट’ या आशयाचा, १९७५ साली ‘स्क्रीन’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झालेला निबंध आपल्याकडील पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही पोहोचला. मात्र ज्या चित्रपटांभोवती या समीक्षेची पहिली भांडणे झाली, ते स्त्रियांनी स्त्रियांविषयी काढलेले, सोळा मिलिमीटर फितीवरचे, वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंतचे माहितीपट या कथनात एखाद्या बालरोगासारखे येतात : होऊन गेले, बरे झाले, पुन्हा उल्लेख नको.

प्रस्तुत लेखाचा रोख या कथनाच्या विरुद्ध आहे. १९७१ ते १९८३ या काळात अमेरिका व ब्रिटन येथील स्त्री-समीक्षकांनी या चित्रपटांवर जे लिहिले ते कालानुक्रमे वाचले, तर तेथे भोळ्या वास्तववादावर सिद्धान्ताने मिळवलेला विजय दिसत नाही. दिसतो तो एक न सुटलेला प्रश्न : एखादी स्त्री कॅमेऱ्यापुढे बसून ‘माझ्यावर हे असे गुदरले’ म्हणते, तेव्हा समीक्षकाने तिच्या शब्दाचे काय करायचे? तो साक्ष म्हणून मानायचा, की संहिता म्हणून उलगडायचा? दलित आत्मकथने व स्त्रियांची आत्मचरित्रे यांच्या निमित्ताने मराठी समीक्षेनेही हा प्रश्न वेगळ्या शब्दांत हाताळला आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आधी चित्रपटांच्या भौतिक परिस्थितीविषयी, कारण सिद्धान्तचर्चेत ती नेहमी गाळली जाते. १९६० च्या आगेमागे खांद्यावर पेलता येणारा कॅमेरा आणि त्याच्याशी मेळ राखून ध्वनी टिपणारे सुटसुटीत यंत्र उपलब्ध झाले होते. दोन-तीन माणसांच्या चमूला कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन चित्रण करणे शक्य झाले. ज्युलिया राय्कर्ट व जिम क्लाइन यांचा ‘ग्रोइंग अप फीमेल’ (१९७१) असाच निघाला. चार वर्षांच्या मुलीपासून पस्तिशीतल्या स्त्रीपर्यंत सहाजणींच्या जीवनातून मुलीची ‘बाई’ कशी घडवली जाते, हे त्यात दाखवले आहे. तो घ्यायला वितरक मिळेना, तेव्हा राय्कर्ट चित्रपटाची प्रत घेऊन स्वतः गावोगाव हिंडल्या, आणि त्याच वर्षी या दोघांनी लिआन ब्रँडन व अमली रॉथशील्ड यांच्यासह ‘न्यू डे फिल्म्स’ ही चित्रपटकर्त्यांचीच सहकारी वितरणसंस्था उभी केली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘विमेन मेक मूव्हीज’ ही संस्था निघाली. महाविद्यालयांचे वर्ग, ग्रंथालये, चर्चची तळघरे, कामगार संघटनांची कार्यालये, स्त्रियांची केंद्रे ही या चित्रपटांची प्रेक्षागृहे. चित्रपट संपला की दिवे लागत, खुर्च्या गोलाकार मांडल्या जात आणि चर्चा सुरू होई. चित्रपट लांबीने आखूड असण्याचे एक कारण पैशाची चणचण हे होतेच. पण चर्चेला वेळ उरला पाहिजे हेही होते.

१९७२ साली कॅलिफोर्नियात सिउ-ह्वा बेह व सॉनी सॅलियर यांनी ‘विमेन अँड फिल्म’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे स्त्रियांच्या चित्रपटांचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला आणि एडिंबरोच्या महोत्सवात लिंडा माइल्स, क्लेअर जॉन्स्टन व लॉरा मल्वी यांनी स्त्री-दिग्दर्शकांचा स्वतंत्र विभाग रचला. येथे लिहिणाऱ्या स्त्रियांना ‘समीक्षक’ म्हणावे की नाही, असा प्रश्न तेव्हाच्या प्रस्थापित समीक्षकांना पडला असता. त्या बहुधा चळवळीतल्या, अनेकदा स्वतः चित्रपट करणाऱ्या. चित्रपटाच्या शास्त्रीय अभ्यासाचे शिक्षण थोडक्याच जणींना मिळाले होते, कारण विद्यापीठांत तो विषय नुकता रुजत होता. चित्रपट चांगला की वाईट यापेक्षा तो कुठे लावता येईल आणि त्यातून बोलणे कुठवर जाईल, ही विचारणा त्यांना अधिक निकडीची होती. आस्वादक समीक्षेच्या निकषांवर हे लेखन तोकडे पडते हे खरे. पण ते आस्वादक समीक्षा म्हणून लिहिलेच गेले नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९७३ साली जॉन्स्टन यांनी संपादित केलेली ‘नोट्स ऑन विमेन्स सिनेमा’ ही पुस्तिका आली. तिच्यातील ‘प्रति-चित्रपट’ या संकल्पनेचा पुरस्कार करणारा त्यांचा निबंध आजही त्याच्या धारेमुळे वाचनीय आहे. नव्या स्त्री-चित्रपटाने आपले सौंदर्यशास्त्र दूरचित्रवाणीकडून आणि ‘सिनेमा व्हेरिते’ या सत्यचित्रणाच्या पद्धतीकडून उसने घेतले आहे, ही त्यांची तक्रार. केट मिलेट यांच्या ‘थ्री लाइव्हज’ (१९७१) सारख्या चित्रपटांत स्त्रिया कॅमेऱ्याकडे पाहून आपले अनुभव सांगतात आणि चित्रपटकर्ती जवळजवळ हस्तक्षेप करीत नाही. जॉन्स्टन यांचा आक्षेप असा की, कॅमेरा निरागस नसतो. जे ‘सहज’ म्हणून टिपले जाते ते प्रबळ विचारप्रणालीने आधीच सहज करून ठेवलेले असते. स्त्रीच्या दडपणुकीचे सत्य फितीवर आपोआप उमटत नाही. ते रचावे लागते, आणि रचायचे तर चित्रपटाची भाषाच मोडावी लागते. बार्थची मिथकमीमांसा आणि मार्क्सवादी विचारप्रणाली-चिकित्सा यांची सांगड त्यांनी येथे घातली. आपल्या बाजूने त्यांनी पुढे केल्या त्या डॉरोथी आर्झ्नर, आयडा लुपिनो यांसारख्या हॉलिवूडच्याच चौकटीत राहून तिला आतून तडे देणाऱ्या दिग्दर्शिका. म्हणजे स्वतंत्र माहितीपटापेक्षा व्यापारी कथापट अधिक क्रांतिकारक ठरू शकतो, असा हा उफराटा वाटणारा निष्कर्ष होता.

जॉन्स्टन यांच्यावर पुढे ‘पंडिती’पणाचा आरोप झाला. तो अर्धाच खरा आहे. त्या लंडनच्या स्त्रियांच्या चित्रपट-गटात काम करीत होत्या आणि त्याच निबंधाच्या शेवटी त्यांनी राजकीय साधन म्हणून चित्रपट व रंजन म्हणून चित्रपट या भेदालाच विरोध केला आहे. त्यांची खरी अडचण निराळीकडे होती. ‘हस्तक्षेप न करता बोलू देणे’ हे वर्णन त्यांनी फार लवकर मान्य केले. या चित्रपटांत हस्तक्षेप नव्हता का?

लिआन ब्रँडन यांचा ‘बेटी टेल्स हर स्टोरी’ (१९७२) हा वीस मिनिटांचा चित्रपट पाहावा. बेटी नावाची एक स्त्री खुर्चीत बसून एका पोशाखाची गोष्ट सांगते. एका खास समारंभासाठी तिने ऐपतीबाहेरचा पोशाख घेतला, त्यात ती सुंदर दिसली, आणि तो घालण्याचा प्रसंग येण्यापूर्वीच तो हरवला. गोष्ट ती हसतखेळत, नकला करीत, ऐकणाऱ्याला खुलवीत सांगते. ती संपते, आणि तीच स्त्री तीच गोष्ट पुन्हा सांगते. घटना त्याच, पण या वेळी आवाज मंदावतो, मधे मधे शांतता पसरते, आपल्या रूपाविषयीची आयुष्यभराची लाज गोष्टीच्या तळातून वर येते. कॅमेरा जवळजवळ हलत नाही, कापाकापी नाही. जॉन्स्टन यांच्या वर्गवारीत हा चित्रपट ‘कॅमेऱ्याकडे पाहून बोलणाऱ्या स्त्री’चा, म्हणून भोळा. प्रत्यक्षात साक्ष ही रचना असते, ऐकणारा कोण आणि किती वेळ थांबणार यावर ती घडते, हा पाठ कोणत्याही अवांगार्द चित्रपटाइतक्या काटेकोरपणे येथे दिलेला आहे. पहिली गोष्ट खोटी आणि दुसरी खरी असेही म्हणता येत नाही. विनोदाने सांगणे हाही त्या लाजेसह जगण्याचाच एक प्रकार असतो. ज्यांनी घरातल्या मोठ्या बायकांना एकच जुनी हकीकत लग्नघरात एका सुरात आणि दुपारच्या निवांत वेळी दुसऱ्या सुरात सांगताना ऐकले आहे, त्यांना हे निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

१९७५ साली ‘विमेन अँड फिल्म’च्या शेवटच्या अंकात आयलीन मॅकगॅरी यांनी संशयाचा हा धागा पुढे नेला. कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच त्याच्यापुढचे वास्तव संकेतबद्ध झालेले असते : स्त्रीचे कपडे, बसणे, कुणाला मधेच तोडावे आणि कुणाला तोडू नये याचे नियम. हे प्रतिपादन जॉन्स्टन यांच्यापेक्षा सूक्ष्म आहे, कारण ते दोष कॅमेऱ्याच्या माथी मारून थांबत नाही. दरम्यान त्या नियतकालिकातून बाहेर पडलेल्या चौघींनी (जॅनेट बर्गस्ट्रॉम, सँडी फ्लिटरमन, एलिझाबेथ ल्यॉन, कॉन्स्टन्स पेनली) १९७६ मध्ये ‘कॅमेरा ऑब्स्क्यूरा’ सुरू केले आणि समीक्षेचा एक प्रवाह निश्चितपणे सैद्धान्तिक झाला. दुसरा प्रवाह ‘जंप कट’ या १९७४ साली निघालेल्या डाव्या नियतकालिकाभोवती वाहत राहिला. त्याच्या संस्थापकांपैकी एक ज्युलिया लेसाज.

लेसाज यांचा स्त्रीवादी माहितीपटाच्या राजकीय सौंदर्यशास्त्रावरील निबंध १९७८ चा. मला तो या संपूर्ण वादातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज वाटतो. तो मल्वी यांच्या निबंधाइतका का वाचला गेला नाही, हा समीक्षेच्या समाजशास्त्राचा विषय आहे. लेसाज यांचे म्हणणे असे की, या चित्रपटांचा रूपबंध वरवर पाहता सत्यचित्रणाचा, चरित्रात्मक, सरळ असला तरी त्याची खोल संरचना निराळीकडून आली आहे : स्त्रीमुक्ती चळवळीतील जाणीव-जागृतीच्या गटांतून. पाच-दहा स्त्रिया एकत्र बसतात, एकेकजण बोलते, मधे कुणी तोडत नाही. आणि एकेकीच्या खाजगी दुःखांतून सामायिक आकृती उमटू लागते. स्वयंपाकघरातील बोलणे पडद्यावर येते तेव्हा ‘गप्पा’ म्हणून हिणवला गेलेला भाषाव्यवहार सार्वजनिक ज्ञानाच्या पातळीवर चढतो. तेव्हा या चित्रपटांतील ‘बोलणारे चेहरे’ हा कल्पनादारिद्र्याचा पुरावा नसून स्त्रियांच्याच एका वाङ्मयप्रकाराचे चित्रपटीय रूप आहे. त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी ‘सेल्फ-हेल्थ’ (१९७४) हे बोलके आहे. स्त्रिया एकमेकींच्या साहाय्याने स्वतःची शरीरतपासणी शिकतात, त्याचे हे चित्रण. स्त्रीदेह पडद्यावर पूर्ण उघडा आहे, पण ज्या दृष्टिक्षेपाचे विश्लेषण मल्वी यांनी केले तो तेथे उभाच राहू शकत नाही, कारण पाहणारी आणि पाहिली जाणारी आळीपाळीने जागा बदलतात.

लेसाज यांनी एक गोष्ट केली जी जॉन्स्टन यांनी केली नव्हती. रूपाचा अर्थ त्यांनी रूपातच न शोधता त्याच्या वापरात शोधला. लोकसाहित्याच्या अभ्यासकांना ही भूमिका अपरिचित नाही. ओवी जात्यापासून तोडून छापली की तिची पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. दळणारीला तीच पुनरुक्ती श्वासासारखी लागते.

त्याच वर्षी बी. रूबी रिच यांनी ‘जंप कट’मध्ये नामकरणाचा पेच मांडला. स्त्रियांच्या चित्रपटांना आपण पुरुषांच्या चित्रपट-इतिहासातली नावे देतो आणि मग त्या नावांच्या मापाने त्यांना तोकडे ठरवतो, ही त्यांची मुख्य तक्रार. म्हणून त्यांनी काही नवी नावे सुचवली. सत्यचित्रणाच्या माहितीपटांसाठी त्यांनी योजलेल्या विशेषणाचा आशय ‘ग्राह्य ठरवणारा, दुजोरा देणारा’ असा आहे. मराठीत हा पेच अधिकच जाणवतो. ‘अनुबोधपट’ या शब्दात प्रेक्षकाला काहीतरी समजावून देण्याचा सरकारी सूर आहे. फिल्म्स डिव्हिजनच्या, मुख्य खेळाआधी दाखवल्या जाणाऱ्या पटांना तो शोभत होता. ‘माहितीपट’ त्याहून बरा. पण बेटीच्या पोशाखाच्या गोष्टीत माहिती ती कोणती? रिच यांचा शब्द मराठीत आणायचा तर ‘ग्वाहीपट’ म्हणावे लागेल. रुजणार नाही, हे कबूल. परंतु ग्वाही देणारी आणि ऐकून ती ग्राह्य धरणारी अशा दोघी त्यात गृहीत आहेत, आणि ‘माहिती’त त्या नाहीत.

या टप्प्यावर वादाला दोन चित्रपटांनी निराळे वळण दिले. शांताल अकरमन यांचा ‘जान दिएलमन’ (१९७५) हा कथापट आहे, माहितीपट नव्हे. पण विधवा गृहिणीचे तीन दिवस, बटाटे सोलणे, बिछाना आवरणे, आणि दुपारी येणारे गिऱ्हाईक हे सर्व त्यात वेळेचा जवळजवळ हिशेब न चुकवता दाखवले आहे. येथे जॉन्स्टन-पक्षाला हवी ती रूपाची शिस्त होती आणि लेसाज-पक्षाला हवे ते स्त्रीचे दैनंदिन श्रम. तरीही एकमत झाले नाहीच. जेन लोडर यांनी १९७७ साली ‘जंप कट’मध्ये शेवटच्या खुनावर आक्षेप घेतला : इतक्या धीराने श्रमांचे वास्तव उभे केल्यावर सुटका हिंसेतच दाखवणे ही माघार नव्हे काय? २०२२ मध्ये ‘साइट अँड साउंड’च्या जागतिक मतचाचणीत हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर आला, तेव्हा झालेल्या गौरवाच्या गजरात या जुन्या आक्षेपाची आठवण फारशी कुणाला झाली नाही. आक्षेप मला पटत नाही. परंतु चित्रपटातल्या बाईचे पुढे काय होणार याची काळजी करणारी समीक्षा त्यात आहे, आणि ती काळजी नंतरच्या लेखनात विरळ होत गेली.

दुसरा चित्रपट मिशेल सिट्रन यांचा ‘डॉटर राइट’ (१९७८). त्यात घरगुती आठ मिलिमीटर फितीवरची बालपणीची दृश्ये संथ करून, पुन्हा पुन्हा फिरवून दाखवली आहेत. त्यांवर आईविषयी बोलणाऱ्या मुलीचा आवाज आहे. आणि मधे मधे दोन बहिणी कॅमेऱ्यापुढे आईविषयी बोलतात. हलता कॅमेरा, अडखळते बोलणे, घरगुती प्रकाश : सत्यचित्रणाच्या सर्व खुणा. शेवटी श्रेयनामावलीत कळते की, बहिणी म्हणजे अभिनेत्री होत्या. जेन फ्यूअर यांनी ‘जंप कट’मध्ये आणि लिंडा विल्यम्स व रूबी रिच यांनी संयुक्तपणे ‘फिल्म क्वार्टर्ली’मध्ये (१९८१) यावर लिहिले. सत्यचित्रण हाही संकेतांचा संच आहे, हे जॉन्स्टन यांचे प्रमेय येथे चित्रपटानेच सिद्ध केले. पण सिद्ध करताना त्याने लेसाज यांच्या प्रेक्षक-गटाशी नाते तोडले नाही. आई-मुलीच्या नात्यातील कडवटपणा ‘आमचाच’ म्हणून ओळखणाऱ्या स्त्रिया त्याला लाभल्या. बहिणी खऱ्या नव्हत्या म्हणून ओळख खोटी ठरते का, हा प्रश्न आत्मचरित्र आणि आत्मचरित्रात्मक कादंबरी यांच्या सीमेवर आपणही विचारत आलो आहोत.

ब्रिटनमध्ये हाच पेच कामगार-चळवळीच्या अंगाने आला. बर्विक स्ट्रीट फिल्म कलेक्टिव्हचा ‘नाइटक्लीनर्स’ (१९७५) हा लंडनच्या कार्यालयांत रात्री साफसफाई करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेच्या मोहिमेवरचा. मोहिमेला हातभार म्हणून चित्रण सुरू झाले. हाती आला तो मात्र दृश्यांच्या मधे काळी फीत सोडणारा, थकलेले चेहरे संथ गतीत न्याहाळणारा, आवाज आणि चित्र यांना एकमेकांपासून सोडवणारा चित्रपट. जॉन्स्टन यांनी पॉल विलमन यांच्यासह ‘स्क्रीन’मध्ये त्याचे ब्रेख्तच्या परंपरेतील राजकीय चित्रपट म्हणून स्वागत केले. मोहिमेतल्या काहींना मात्र तो सभेत लावण्याच्या कामाचा वाटला नाही. दोन्ही प्रतिक्रिया आपापल्या जागी रास्त आहेत, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते, येथे समीक्षेने एक खरी संधी गमावली. रात्रभर राबून आलेल्या स्त्रीला काळी फीत पाहताना काय वाटले, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या बाहेरचा मानला गेला. तो बाहेरचा नव्हता. ब्रेख्तला तरी तो बाहेरचा वाटला नसता.

१९८३ साली ई. अ‍ॅन कॅप्लन यांनी ‘विमेन अँड फिल्म’ याच नावाच्या (नियतकालिकाशी संबंध नसलेल्या) पुस्तकात या ‘वास्तववादाच्या वादा’चा आढावा घेतला. त्यांची युक्ती साधी होती : एकाच पद्धतीचे दोन माहितीपट शेजारी ठेवून वाचणे. ‘जॉइस अ‍ॅट ३४’ (१९७२) हा जॉइस चोप्रा व क्लॉडिया वाइल यांचा चित्रपट, मातृत्व आणि चित्रपटाचा व्यवसाय यांच्या ओढाताणीत सापडलेल्या सुशिक्षित स्त्रीचा. ‘जेनीज जेनी’ (१९७१) हा गेरी अ‍ॅशर यांचा, न्यूआर्कमधील सरकारी मदतीवर मुले वाढवणाऱ्या कामगारवर्गातील गोऱ्या स्त्रीचा. आधी बापाची, मग नवऱ्याची आणि आता स्वतःची झालेली जेनी, हा शीर्षकाचा अर्थ. पहिल्यात सलग, सुसंगत ‘मी’ आणि वर्गाविषयी मौन. दुसऱ्यात घडत असलेली, पूर्ण न झालेली व्यक्ती. यावरून कॅप्लन यांनी दाखवले की ‘वास्तववाद’ ही एकजिनसी वस्तू नव्हे. कथापटासाठी रचलेली वास्तववादाची चिकित्सा माहितीपटाला जशीच्या तशी लावता येत नाही. वाद तेथे मिटायला हरकत नव्हती. तो मिटला नाही, त्यातला रस संपला. हे दोन वेगळे प्रकार आहेत.

रस का संपला याचे एक उत्तर अलेक्झांड्रा जुहाझ यांनी १९९४ साली ‘स्क्रीन’मध्येच दिले : वास्तववादावरील टीका इतकी स्वयंसिद्ध झाली की, सत्तरीतील हे माहितीपट अभ्यासक्रमांतून आणि प्रमाणभूत सूचींतून गळाले, नंतरच्या पिढीने त्यांच्यावरची टीका वाचली, चित्रपट पाहिले नाहीत. याला मी एक जोड देईन. समीक्षेचा आकारच बदलला होता. पहिल्या परीक्षणांत चित्रपटातल्या स्त्रिया नावानिशी येतात : जेनी, बेटी. १९८० नंतरच्या लेखांत ‘स्त्री-विषयी’ येते, ‘उच्चारणाची जागा’ येते. परीक्षण लिहिणारी आता प्राध्यापक झाली होती, आणि तिचा वाचक चर्चा-गटातून परिसंवादात गेला होता. यात कुणाचा दोष नाही. विद्यापीठात जागा मिळवणे हाही संघर्षच होता. तरी हानी झाली ती झाली.

आणि एक मोठी गोष्ट दोन्ही पक्षांना दिसली नव्हती. ‘स्त्री’ म्हणून जिची साक्ष ग्राह्य धरायची की उलगडायची हा वाद चालला, ती बहुतेक वेळा गोरी होती. जेन गेन्स यांनी १९८६ साली पाहण्याच्या संबंधांतील गोऱ्या विशेषाधिकाराकडे लक्ष वेधले, आणि बेल हुक्स यांनी १९९२ च्या ‘ब्लॅक लुक्स’मध्ये काळ्या स्त्री-प्रेक्षकाच्या ‘विरोधी दृष्टी’ची मांडणी केली. गुलामीच्या काळात पाहण्याबद्दलच शिक्षा होई. अशा समाजातल्या स्त्रीचे पाहणे हे सुखाच्या सिद्धान्तात सुरुवातीपासूनच बसत नव्हते. हुक्स यांचे हे प्रकरण वाचताना शर्मिला रेगे यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. दलित स्त्रिया ‘वेगळे बोलतात’ ही त्यांची १९९८ ची मांडणी आणि ‘रायटिंग कास्ट / रायटिंग जेंडर’ (२००६) मध्ये बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार आदींच्या आत्मकथनांना साक्षकथने म्हणून वाचण्याचा त्यांचा आग्रह, हे याच प्रश्नाचे आपल्या भूमीवरचे रूप आहे. मराठी समीक्षेने दलित आत्मकथनांना प्रथम अनुभवाच्या अस्सलतेचे प्रमाणपत्र दिले आणि मग कलात्मकतेच्या नावाने त्यातले गुण वजा केले. ‘अस्सल’ म्हणणे हाही कधी कधी न वाचण्याचा प्रकार असतो, हे जॉन्स्टन यांच्याकडून घेण्यासारखे आहे. आणि उलगडण्याच्या उत्साहात सांगणारीला वगळू नये, हे लेसाज यांच्याकडून. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) साठी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, बोलते करून जे साहित्य जमवले, त्याची पद्धत पाहिली तर ‘ग्वाही’ या शब्दाचा अर्थ लागतो.

चित्रपटाच्या बाबतीत दुवा याहून थेट आहे. दीपा धनराज, आभा भैया, नवरोझ कॉन्ट्रॅक्टर व मीरा राव यांनी १९८० साली ‘युगांतर’ हा गट स्थापला. त्यांचा पहिला चित्रपट ‘मोलकरीण’ (१९८१), पुण्यातील घरकामगार स्त्रियांच्या संघटनेविषयी. मराठी प्रेक्षकाला या शब्दाबरोबर सुलोचनाबाईंचा १९६३ चा ‘मोलकरीण’ आणि त्यातली त्यागमूर्ती आई आठवते. युगांतरच्या चित्रपटात शब्दाचा पहिला घटकच, मोल, पुढे येतो : धुण्याचे किती, भांड्यांचे किती, आजारपणाचा खाडा कापायचा की नाही. ‘नाइटक्लीनर्स’नंतर सहा वर्षांनी आणि त्याच प्रकारच्या श्रमांवर केलेला हा चित्रपट जॉन्स्टन यांच्या दृष्टीने मागासलेला ठरला असता. पुढच्याच वर्षीचा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांवरचा चित्रपट मात्र कोणत्याच खणात बसत नाही. गटाने काही महिने या स्त्रियांबरोबर काढले. वखारींच्या आत, जिथे बाहेरच्यांना प्रवेश नसे, तेथले श्रम चित्रित केले. आणि संघटना बांधतानाचे, संपाचे प्रसंग त्या स्त्रियांनीच पुन्हा घडवून दाखवले. ‘डॉटर राइट’मधल्या बहिणी अभिनेत्री होत्या आणि साक्षीदार भासल्या; निपाणीत साक्षीदारच आपल्या गतवर्षांचा अभिनय करीत होत्या, आणि त्या तो करीत आहेत हे त्यांच्या प्रेक्षकांपासून, म्हणजे त्यांच्याचसारख्या कामगार स्त्रियांपासून, लपलेले नव्हते. संशय आणि साक्ष यांतील एकाची निवड करण्याचा प्रसंगच त्यांच्यावर आला नाही.

हे चित्रपट वस्त्यांतून, कामगारांच्या सभांतून, प्रोजेक्टर बरोबर नेऊन दाखवले गेले. पुढे बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेच्या पुढाकाराने त्यांचे डिजिटल जतन झाले आणि गेल्या दशकात ते महोत्सवांत, कलादालनांत व विद्यापीठांत नव्याने पाहिले जाऊ लागले. आता त्यांच्यावर लिहिले जाते ते ‘संग्रह’, ‘सामूहिकता’, ‘पुनर्भेट’ या परिभाषेत, आणि बव्हंशी इंग्रजीत. निपाणीच्या बायकांनी सभेतला प्रसंग दुसऱ्यांदा करताना कोणते वाक्य बदलले आणि कोणते तसेच ठेवले, याचे वाचन त्या चित्रपटातल्या मराठीच्या कानाने व्हायचे आहे.